चैत्रातली मोजणी

केशवराव वकिलांनी सोप्यातल्या घोंगडीवर वेंगुर्ल्याकडच्या जागेचा नकाशा पसरला, तसा तो चारी बाजूंनी पुन्हा गुंडाळायला लागला. नागोजीनं एका कोपऱ्यावर आपलं घड्याळ ठेवलं, दुसऱ्यावर पानाचा डबा. उरलेल्या दोन कोपऱ्यांसाठी अक्काताईंनी आतून लोणच्याच्या दोन कैऱ्या पाठवल्या.

"समुद्रावरच्या बंगल्यांना बेळगुंदीच्या कैऱ्यांचा आधार," वकील म्हणाले.

"आजवर आमचाच आधार हाय त्या जागेला," नागोजी हसून म्हणाला. "तिथं होतं काय? आमच्या गाड्या आन् बैलांचं शेण."

अक्षय तृतीयेचा दिवस होता. वकिलांना सकाळीच बेळगावहून आणलं होतं. मालुबाई, म्हणजे अण्णांची आणि नागोजीची बहीण, आदल्या दिवशीच निपाणीहून येऊन बसली होती. तिच्या सासरी तंबाखूची वखार होती आणि तिथली माणसं कुठल्याही कामाला दोन दिवस आधी पोचत. सोप्याच्या पायरीवर, चपला काढून, शामू बसला होता. वेंगुर्ल्याच्या पलीकडच्या खारवाडीचा हा मासेमार नागोजीच्या लॉरीत बसून पहिल्यांदाच घाट चढून वर आला होता, आणि आल्यापासून तो घराभोवतीच्या तांबड्या मातीकडे असा बघत होता, की जणू ती कुणीतरी रंगवून ठेवली असावी.

अण्णांच्या मधल्या भावाची, भरमूची, विधवा मनुबाई माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसली होती. तिथून तिला नकाशा दिसत नव्हता. फक्त त्याच्यावर झुकलेली डोकी दिसत होती.

"बावीस बंगले," नागोजी सांगत होता. "पुढं हाटेल. हाटेलाला दर्याकडं तोंड करून गच्ची. डॉक्टर म्हणतात, छातीच्या माणसाला दोन म्हैने ती हवा दिली की औषध नगं. बेळगावची माणसं, निपाणीची माणसं, चिकोडीचे दोन मामलेदार कचेरीतले. बावीसच्या बावीस तुकडे बोलून झालेत, अण्णा. मी शबुद दिलाय."

"पुढच्या वळीतले दोन आमचे," मालुबाई म्हणाली. "माझ्या दिरानं सांगून ठेवलंय, मागचं मिळालं तर परत जायचं. समिंदर खिडकीतनं दिसाय पायजे."

"खिडकीतनं काय, मालूआक्का, अंथरुणातनं दिसंल."

अण्णा, म्हणजे मारुतीराव, या सगळ्यात एक शब्द बोलले नव्हते. घरात थोरले तेच. ते तंबाखू मळत होते आणि मळून झालेली तंबाखू तोंडात टाकायला विसरत होते. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले, "आत इचारा. भरमूचा वाटा हाय. त्यास्नी मान्य हाय का?"

अण्णांच्या पत्नी अक्काताई तव्यावरची पोळी उलटून बाहेर आल्या. मनुबाईपासून चार हातांवर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मान्य हाय का, म्हणतात."

अण्णा आणि मनुबाई एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको यांनी समोरासमोर बोलायचं नाही, ही या घराची रीत होती, आणि दोघांनी ती एकोणतीस वर्षं पाळली होती. मधे कुणीतरी माणूस लागे. माणूस नसेल तेव्हा अण्णा भिंतीशी बोलत. तंबाखूची गाडी घेऊन वेंगुर्ल्याला गेलेला भरमू तिथं तापानं पडल्याचा निरोप आला त्या वैशाखात अण्णाच तिला गाडीतून खाली घेऊन गेले होते. तीन दिवसांचा रस्ता, गाडीत दोघंच. तेव्हा त्यांनी सगळं बैलांना सांगितलं होतं. "सर्जा, म्हणावं आता उतार हाय, गाडीचा साटा धरून बसाय पायजे." "सर्जा, हितं पाणी चांगलं हाय, पिऊन घ्या म्हणावं." सोळा-सतरा वर्षांची मनुबाई मागं बसून पदरात हसली होती आणि नवऱ्याच्या काळजीनं रडलीही होती. तिला वेंगुर्ल्याला सोडून अण्णा पेरणीसाठी रातोरात मागं फिरले. त्या सालची ती शेवटची गाडी. पाऊस लागला की बंदर बंद, बंदर बंद की गाड्या बंद. निपाणीची तंबाखू दिवाळीनंतरच पुन्हा घाट उतरायची.

भरमू त्या तापातून उठला. पुढं मानमोडीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. तिचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा अण्णा सोप्यातल्या खांबाकडे बघत म्हणाले होते, "भरमूचा तिसरा वाटा हितंच ऱ्हाईल. ज्याचा वाटा, ते माणूसबी हितंच ऱ्हाईल." त्या दिवसापासून तिच्या ताटात कधी शिळं पडलं नाही आणि कुणी तिला 'तुझं काय इथं' असं विचारलं नाही. विचारायचं कुणाच्या मनात तरी आलं असेल, पण तोंडात आलं नाही. एवढ्यासाठी माणसानं काय द्यावं, हे मनुबाईला कधी कळलं नव्हतं. आज देण्यासारखं काहीतरी होतं. कागदावरचा अंगठा. तो न बघता, न विचारता द्यायचा, असं तिनं सकाळी आंघोळ करतानाच ठरवलं होतं.

"मान्य हाय म्हणावं," ती म्हणाली.

अक्काताई निरोप घेऊन दोन पावलं गेल्या, तेवढ्यात तिला राहवलं नाही. "आन् नकाशा जरा बघाय मिळंल का? उंडीचं झाड काढलंय का त्यात, तेवढं बघते."

नागोजीला आनंदच झाला. लहानपणी तो तिच्याच हातचं जेवून वाढला होता आणि आपलं काम तिला दाखवायची सवय त्याची अजून गेली नव्हती. कैऱ्या, घड्याळ, डबा सगळं बाजूला करून तो नकाशा घेऊन उंबऱ्यापाशी आला आणि लहान मुलासारखा मांडी घालून बसला.

"ह्यो बघा, वैनी, गाडीरस्ता. ह्यो आपला गाडीतळ. बाबांनी घेतला तवा लोक हसलते, वाळू इकत घेतली म्हणून. ही हीर. आन् हे तुमचं उंडीचं झाड."

झाड म्हणजे हिरव्या शाईचा एक ठिपका होता. मनुबाईनं त्यावर बोट ठेवलं. त्या झाडाखालच्या झावळ्यांच्या खोपटात शामूच्या आईनं त्यांना ठेवून घेतलं होतं. ओळख ना पाळख. तापानं फणफणलेला परका गाडीवान आणि त्याची घाबरलेली बायको. स्वतःची चूल तिनं पावसात बाहेरच्या पडवीत नेली आणि आतली कोरडी जागा भरमूला दिली. पेजेत मीठ किती घालायचं हेसुद्धा मनुबाई तिच्याकडून शिकली. जन्मभर पुरेल एवढं घेऊन ती तिथून परत आली होती आणि परत काहीच पाठवू शकली नव्हती, कधीमधी गाडीवाल्यांबरोबर पायलीभर तांदूळ सोडले तर.

मग बोट झाडावरून पुढं सरकलं.

"ह्या पुढच्या चौकटी कसल्या?"

"ती पुढची वळ. नऊ बंगले. मालूआक्काचे दोन ह्यातलेच. आन् ह्यो मोठा चौकोन म्हंजे हाटेल."

"झाडाच्या पुढं?"

"पुढंच की. दर्या हिकडं हाय न्हवं! अजून पन्नास पावलं वाळूच हाय. साखळी लावून मोजलीया."

मनुबाईनं बोट उचललं नाही. "मोजणी कवा केली, नागू?"

"चैत्रात. मोजणी कवा करत्यात? पिकं निघाल्यावर. रान मोकळं असतं, साखळी सरळ जाती."

खरंच होतं. सगळं बेळगुंदी चैत्रातच मोजायचं. जमिनीचे वाद, वाटण्या, बांध, सगळं भात निघून रान उघडं पडल्यावर. पावसाळ्यात चिखलात साखळी कोण ओढणार? बापजाद्यांची रीत घेऊन नागोजी घाट उतरला होता आणि समुद्राच्या काठावर त्यानं शेत मोजलं होतं.

आणि ती आणि भरमू सोडून घरातल्या कुणीही, सासऱ्यांपासून नागोजीपर्यंत, तो समुद्र दिवाळी ते वैशाख याखेरीज कधी पाहिलाच नव्हता.

नागोजी नकाशा उचलून परत गेला. वकिलांनी दौत उघडली. तिनं शेजारी येऊन टेकलेल्या मालुबाईच्या हाताला धरलं.

"मालुबाई, अण्णांस्नी सांगा. त्या झाडाच्या पुढची जागा पावसात ऱ्हात न्हाय."

"ऱ्हात न्हाय म्हंजे?"

"दर्या येतो तिथं. आषाढापासून वाळू घेऊन जातो. मी बघिटलंय."

मालुबाईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वैनी, आज सणाचा दिवस हाय. वकील बसल्यात. माझ्या दिरानं चार माणसांत सांगून टाकलंय. आन् तुमी आता काढताय हे?"

"मला नकाशा आताच दिसला."

"ज्या घरानं एवढी वर्सं सांभाळलं, त्याच घराचं वासं मोजाय बसलासा? नागूनं एक लॉरी इकली ह्यापायी. मी न्हाय सांगणार. तुमच्या तोंडचं अपशकुनी मी माझ्या तोंडी कशाला घेऊ?"

मनुबाईनं अक्काताईंकडे पाहिलं. अक्काताई पदराला हात पुसत राहिल्या. "मला त्यातलं काय कळतंय बाई," त्या पुटपुटल्या, "काहीबाही सांगून बसायची," आणि करपणारी पोळी आठवून आत गेल्या.

आता मधे कुणी उरलं नव्हतं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. तिनं मान्य म्हणून सांगूनही टाकलं होतं. अंगठा टेकवला की सगळे जेवायला उठले असते, नागोजीनं तिच्या पाया पडून पहिला आंबा तिच्या हातात ठेवला असता. पुढं आषाढात काय व्हायचं ते कुठल्यातरी दूरच्या माणसांच्या दारात झालं असतं. छातीची माणसं, नागोजी म्हणाला होता. दम लागणारी, पळता न येणारी माणसं. आणि 'ही जागा कुणी दिली' असं कुणी विचारलं, की उत्तर या घराचं नाव असतं.

वकिलांनी शाईची गादी उंबऱ्याकडे सरकवली.

मनुबाई उठली. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि उंबऱ्याच्या आतूनच, मोठ्यानं म्हणाली, "अण्णा."

नागोजीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. अण्णांच्या हातातली तंबाखू घोंगडीवर सांडली.

"मला माफी असावी," ती म्हणाली. शब्द एकामागून एक नीट येत होते. "मधे सांगणारं कोण मिळालं न्हाय. उंडीच्या झाडाच्या पुढं बंगले बांधू नगासा. ती जमीन न्हवं. आम्ही पावसाचं चारी म्हैने तिथं होतो. आषाढात दर्या झाडाच्या मुळाला लागलता. होड्या झाडाला बांधत हुते. नारळीपुनवंला मी मुळावर बसलेवती आन् बसल्या जागंवरनं नारळ पाण्यात सोडला. उठायबी लागलं न्हाय."

नागोजी ताडकन म्हणाला, "वैनी, तवाचं तवा. एका साली पाऊस लई झाला असंल. मी पंधरा वर्सं जातोय तिथं. पन्नास पावलं वाळू हाय! मी सोता साखळी धरलीया!"

"चैत्रात धरलीस, नागू."

"आन् खुंट्या कुणी धरल्या? ह्या शामूनं. हितंच बसलाय, इचारा त्याला. शामू, दर्या येतो काय रं झाडापतोर?"

शामू पायरीवरून उठून उभा राहिला. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्यानं आधी डोक्यावरचं फडकं काढलं.

"येता मां," तो म्हणाला. "दरसाल येता. आषाढात वाळू व्हावान जाता, दिवाळीक परत येता."

"दरसाल?"

"दरसाल."

"मग मोजतानं बोलला का न्हाईस?" नागोजी ओरडला.

"माका इचारल्यान कोणी? खुंटी धर म्हणालात, धरलंय. माका वाटला, तुमका ठावक आसतला. वैनीबाय थय ऱ्हवल्या नाय? तुमच्याच घरात आसत ना त्या?"

केशवरावांनी नकाशाकडे बघत चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न घालता हातातच धरला.

"म्हंजे," मालुबाई हळूच म्हणाली, "ती जमीन पावसाळ्यात गावाला जाती व्हय?"

"माहेराला," आतून अक्काताईंचा आवाज आला. "चातुर्मासाला जाती आन् दिवाळीला येती. माहेरवाशीणच म्हणायची."

वकिलांना हसू आवरलं नाही. मालुबाईलाही आलं, पण ते मधेच विरलं. तिनं मनुबाईकडे पाहिलं नाही, घोंगडीवर सांडलेली तंबाखू वेचायला लागली आणि वेचता वेचता म्हणाली, "माझा दीर सहकुटुंब श्रावणात जाणार हुता. धाकटं नातू घेऊन."

नागोजी उठून अंगणात गेला. लॉरीच्या चाकाला त्यानं एक लाथ मारली आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला. मनुबाईला वाटलं, आपण आता धावत जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, तो लहान असताना ठेवायचो तसा. पण बावीस घरांना दिलेला त्याचा शब्द तिनं एका दमात मोडला होता.

"मनुबाई."

तिला आधी कळलंच नाही की हाक कुणी मारली. अण्णा खांबाकडे बघत नव्हते. तिच्याकडेच बघत होते. तेही अवघडले होते. पटक्याचं टोक उगाच मागं टाकत होते.

"तुमी सोता बघिटलंसा?"

"व्हय."

"किती दिस ऱ्हातो तिथं?"

"आषाढाच्या पैल्या आठवड्यात आला. भादव्याच्या अखेरीला सरला. मी झाडावर रेघा मारत हुते. उठून बसाय लागल्यावर ह्यांनीच सांगितलंतं, रोज पाणी कुठपतोर येतंय ते बघ, म्हंजे जीव लागून ऱ्हातो."

अण्णांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "मीच सोडून आलतो तुमास्नी तिथं," ते म्हणाले. "परत आल्यावर भरमूला इचारलं, कसा हुतास. बैलं कशी हुती तेबी इचारलं. तुमास्नी कोण काय इचारलंच न्हाय." मग थोडं थांबून, "लई उपकार झालं," असं म्हणाले, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी इतका नवा होता, की तो म्हटल्यावर त्यांनी स्वतःच इकडं तिकडं पाहिलं.

मनुबाईला काहीतरी म्हणायचं होतं. उपकार तुमचे, असं. तिनं नुसतं उंबऱ्याच्या लाकडाला हात लावला.

नागोजी परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो घोंगडीवर बसला, नकाशा स्वतःकडे ओढला आणि उंडीच्या ठिपक्यापासून मागं मोजायला लागला. "मागं तेरा ऱ्हातात," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "हाटेल मागं घेतलं तर धा. बारा घरास्नी जाऊन सांगायला पायजे."

"मी येतो तुझ्यासंगं," अण्णा म्हणाले. "शबुद घरानं दिलाय, तू एकट्यानं न्हाय."

"पैलं माझ्या दिराकडं चला," मालुबाई म्हणाली. "शिव्या पोटभर मिळतील, पर जेवणबी मिळंल." मग ती उठून मनुबाईजवळ आली. "वैनी, मघाशी बोलले ते..."

"ऱ्हाऊंद्या. सणाचा दिस हाय."

"तुमीबी चला निपाणीला. माझ्या सासरच्यांस्नी माझं पटणार न्हाय. तुमच्या तोंडनं पटंल."

शामू अजून उभाच होता. त्यानं विचारलं, मग झाडापुढची वाळू कुणाची? आमच्या होड्या थयच ओढतत. मोजणीवाल्यांनी त्या हलवा म्हणून सांगितलेलं.

मनुबाईनं अण्णांकडे पाहिलं. या खेपेला कुणाची वाट पाहिली नाही. "अण्णा, ह्यास्नी शामूच्या आईनं कोरडी जागा दिलती. आपुन त्यास्नी ओली तरी देऊया."

"होड्या हलायच्या न्हाईत," अण्णा म्हणाले. "वकीलसाहेब, कागदात घाला ते."

केशवरावांनी नवा कोरा कागद घेतला. चष्मा घातला. "मग चतुःसीमा नव्यानं लिहायला हव्यात. नक्की मोजणी पावसात होईल, तोवर हा कच्चा मसुदा." ते मोठ्यानं म्हणत लिहू लागले. "पूर्वेस गाडीरस्ता. उत्तरेस ओढा. दक्षिणेस माडांची बाग. पश्चिमेस..." टाक थांबला. "पश्चिमेस समुद्र. पण समुद्र म्हणजे कुठपर्यंत, हा आता प्रश्न आहे."

"श्रावणातला," मनुबाई म्हणाली.

"असं आजवर मी कुठल्या दस्तात लिहिलेलं नाही, बाई."

"मग लिवा की," नागोजी म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं मान वर केली.

वकिलांनी लिहिलं. मग विचारलं, "याला माहितगार म्हणून कुणाचं नाव घालू? उद्या कुणी विचारलं, हे कुणी सांगितलं?"

"मनुबाई कोम भरमू," भरमूची बायको म्हणून दस्तात लिहितात तसं, नागोजी म्हणाला. "आन् फुडं असं घाला: पावसाचं चारी म्हैने तिथं ऱ्हायलेल्या. आमच्या घरातल्या एकट्याच."

मनुबाई उंबरा ओलांडून बाहेर आली आणि घोंगडीच्या कडेला, अण्णांच्या समोर, बसली. अक्काताईंनी आतून एक पाट पुढं सरकवला.

"काय लिवलंसा," ती वकिलांना म्हणाली, "ते एकदा पैल्यापासनं वाचून दावा. सावकाश."